"आता माझा काय उपयोग" असं वाटून राहिलं असेल तर वही घेऊन बसा

सध्या नागपुरात माझ्या आजूबाजूला एक वाक्य फार ऐकू येऊन राहिलंय, आणि तेही अगदी वेगवेगळ्या लोकांच्या तोंडून. वीज मंडळातून, कोळसा खाणीतून, ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले काका म्हणतात. पोरगा पुण्याला, पोरगी बंगलोरला सेटल झाली आणि एवढ्या मोठ्या घरात दोघंच उरलो असं सांगणाऱ्या काकू म्हणतात. अभ्यासिकेत वर्षानुवर्षं काढून एमपीएससीचं वय निघून चाललेली पोरं म्हणतात, लग्नानंतर नोकरी सोडलेल्या आणि लेकरू शाळेत जायला लागल्यावर दुपारी एकदम रिकाम्या झालेल्या पोरीही म्हणतात. "आता माझा काय उपयोग."

प्रत्येकाची गोष्ट वेगळी आहे पण गुंता मला एकच दिसतो. पगार, उपयोग आणि किंमत या तीन गोष्टी आपल्या डोक्यात एकमेकींना चिकटून बसल्यात. पगार नाही म्हणजे उपयोग नाही, उपयोग नाही म्हणजे मला किंमत नाही. आत्मचिंतन म्हणून जे काही करायचं त्याचं पहिलं काम या तिन्ही गोष्टी सुट्या करणं हे आहे, ध्यान वगैरे जे करायचं ते नंतर करा.

हे काही मी शोधलेलं नाही. व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल (1905-1997) यांनी 1933 मधेच हे लिहून ठेवलं होतं. नाझी छळछावणीतून वाचलेले डॉक्टर म्हणून ते सगळ्यांना माहीत असतात, पण त्याच्या आधीचं त्यांचं हे काम मला जास्त जवळचं वाटतं. जागतिक मंदीचा काळ होता, बेकार तरुण त्यांच्याकडे उदासी घेऊन यायचे, आणि फ्रँकलच्या लक्षात आलं की या पोरांच्या मनात बेकार म्हणजे निरुपयोगी आणि निरुपयोगी म्हणजे अर्थहीन असा हिशोब पक्का बसलाय. त्यांनी या पोरांना वाचनालयात, तरुणांच्या संघटनेत, प्रौढांच्या शिकवणीत फुकटची कामं करायला लावलं. पैसा एकही मिळत नव्हता, पोटातली भूक होती तशीच होती, पण ज्यांनी ज्यांनी काम धरलं त्यांची उदासी गेली. म्हणजे पगार न येताही उपयोग परत येऊ शकतो. आणि मी तर पुढे जाऊन म्हणते की उपयोग नसतानाही किंमत असते, पण त्याच्यावर नंतर येते.

आधी तब्येत बघून घ्या

हे मी मुद्दाम सगळ्यात आधी सांगते कारण लोक याला टाळतात. दोन आठवड्यांच्या वर जवळपास रोज मन उदास आहे, आवडणारी गोष्टही करावीशी वाटत नाही, झोप उडाली किंवा दिवसभर झोपच येते, भूक गेली, जगण्यात अर्थ नाही असे विचार येतात, तर हे वही घेऊन सुटणारं प्रकरण नाही, डॉक्टर लागतो. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, नंबर 14416, चोवीस तास सुरू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. नागपुरात मेडिकलला (म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात), मेयो या दुसऱ्या सरकारी दवाखान्यात, मिहानच्या एम्सला मानसोपचार विभाग आहे, प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. त्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं की आपल्याकडे लोकं अजून तोंड वाकडं करतात, त्यांना करू द्या. जीव स्वतःचा आहे. आणि स्वतःला काही करून घ्यावं असा विचार येत असेल तर हे वाचत बसू नका, आत्ता फोन लावा, घरातल्या कोणाला तरी सांगा, एकटं राहू नका.

दुसरी साधी गोष्ट, रक्त तपासून घ्या. थायरॉइड कमी असेल, बी-12 कमी असेल (शाकाहारी घरांमधे हे फार दिसतं), हिमोग्लोबिन खाली असेल तर माणूस गळून जातो आणि त्याला वाटतं की माझ्यातच दम नाही. गोळी सुरू केल्यावर अर्धी उदासी उतरलेली मी बायकांमधे पाहिली आहे. ते निस्तरा, मग पुढे चला.

वही, वेळ, जागा

साधी शंभर पानी वही घ्या, भारी डायरी नको, भारी डायरीत माणूस चांगलं चांगलंच लिहितो. मोबाईलमधे लिहू नका कारण मधेच व्हॉट्सअ‍ॅप येतं आणि संपलं. रोज वीस मिनिटं, टायमर लावून. वीस मिनिटं झाली की वाक्य अर्धं असलं तरी बंद. हे बंद करणं फार महत्त्वाचं आहे, का ते पुढे सांगते.

जागा घरातली नको, निदान सुरुवातीला नको. घरात बसलं की भांडी दिसतात, धूळ दिसते, कोणीतरी "काय लिहून राहिली वं" म्हणून डोकावतं. अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्सचं जपानी गार्डन, महाराजबाग, नाहीतर आपल्या कॉलनीतल्या मंदिराचा ओटा, विहाराचं आवार, काहीही चालेल जिथे ओळखीचे लोक गप्पा मारायला येणार नाहीत. उन्हाळा असेल तर सातच्या आत उरकून घ्या, आपल्या इथे मे महिन्यात नऊ वाजता डोकं चालत नाही तिथे आत्मचिंतन काय होणार. पावसाळ्यात गच्चीच्या जिन्यात बसा.

चिंतन आणि चघळणं

टायमर का लावायचा ते आता सांगते. आत्मचिंतनाच्या नावाखाली आपण बहुतेक वेळा एकच गोष्ट चघळत असतो. "माझ्याच सोबत काऊन असं झालं", "तेव्हा मी बोललो असतो तर", "तो असा का वागला". तासभर हे चालतं आणि उठताना माणूस बसला तेव्हापेक्षा जास्त थकलेला असतो. सुसन नोलेन-होक्सेमा नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी याच्यावर आयुष्यभर काम केलं. 1989 मधे कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला, त्याच्या थोडे दिवस आधी योगायोगाने त्यांनी विद्यार्थ्यांची मनःस्थिती आणि विचार करायची सवय नोंदवून ठेवलेली होती. भूकंपानंतर परत पाहिलं तर ज्यांना आधीपासून आपल्याच दुःखाभोवती फिरत राहायची सवय होती त्यांच्यात उदासी जास्त निघाली.

म्हणून नियम असा की वहीत "का" ने सुरू होणारा प्रश्न लिहायचा नाही. "काय", "केव्हा", "कोणासोबत", "कुठे" हे चालतील. "मला असं का वाटतं" च्या जागी "मला असं नेमकं केव्हा वाटतं, तेव्हा मी कुठे असते, समोर कोण असतं". फरक लगेच कळतो. का विचारलं की मन गोष्टी रचायला लागतं, काय आणि केव्हा विचारलं की आठवावं लागतं. एका काकूंनी हे करून पाहिलं तर त्यांना समजलं की त्यांना सगळ्यात जास्त फालतू वाटायचं ते रविवारी रात्री, पोरांचा व्हिडिओ कॉल झाल्यावर लगेच. दिवसभर त्या बऱ्या असायच्या. आता त्या रविवारी कॉलनंतर मुद्दाम शेजारणीकडे भजनाला जातात. एवढंच केलं त्यांनी, आणि आठवड्याचा रंग बदलला.

पहिले चार दिवस

पहिले चार दिवस फक्त मोकळं व्हा. जी गोष्ट सगळ्यात जास्त टोचते ती लिहा, नोकरी गेली ती, निकाल लागला नाही तो, घटस्फोट, जे असेल ते. शुद्धलेखन नाही, कोणी वाचणार नाही, अक्षर वाईट चालेल, शिव्या आल्या तर येऊ द्या. ही पद्धत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या 1986 मधल्या प्रयोगातली आहे. त्यांनी कॉलेजच्या पोरांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या दुखऱ्या घटनेवर लिहायला लावलं. ज्यांनी घटना आणि त्यासोबतच्या भावना दोन्ही लिहिल्या त्यांच्या नंतरच्या महिन्यांतल्या दवाखान्याच्या चकरा कमी झाल्या. पण त्याच प्रयोगात हेही दिसलं की लिहून झाल्या झाल्या माणसाला जास्त वाईट वाटतं. ते साहजिक आहे, घाबरू नका, लिहून झालं की उठून चालायला लागा, चहा घ्या, कोणाशी तरी बोला. आणि घटना अगदीच ताजी असेल, घरात आत्ताच कोणी गेलं असेल, तर हे चार दिवस सध्या राहू द्या, थोडा काळ जाऊ द्या.

लिहिताना अडकलात तर स्वतःला नावाने हाक मारून लिहा. "मी हरलो" च्या ऐवजी स्वतःचं नाव घेऊन "अमुक, तू तेव्हा काय केलंस" असं. ईथन क्रॉस यांच्या 2014 च्या प्रयोगांमधे असं दिसलं की भाषणासारख्या ताणाच्या प्रसंगाआधी जे स्वतःशी नाव घेऊन बोलले त्यांना ताण झेपायला सोपं गेलं. आपण मैत्रिणीला जेवढं समजून घेतो तेवढं स्वतःला घेत नाही, नाव घेतलं की थोडं तसं व्हायला लागतं.

किंमत कुठे ठेवली होती ते शोधा

पाचव्या दिवशी नवीन पान घ्या आणि वर लिहा, "मी तेव्हाच कामाचा, जेव्हा..." आणि खाली दहा वेळा वाक्य पूर्ण करा. भराभर करा, विचार करून नको. पहिली तीन-चार उत्तरं शहाणी येतात, खरी उत्तरं सातव्या-आठव्यापासून सुरू होतात. "जेव्हा घरात माझ्या शब्दाला मान असतो." "जेव्हा नातेवाइकांत मी सगळ्यात पुढे असतो." "जेव्हा मी बारीक दिसते." "जेव्हा कोणाला माझी गरज असते."

अमेरिकेतल्या जेनिफर क्रॉकर यांनी नेमका याच गोष्टीचा अभ्यास केला, माणसं आपली किंमत कशावर ठेवतात. त्यांनी सात ठिकाणं काढली: अभ्यासातलं यश, दुसऱ्यापेक्षा पुढे असणं, दिसणं, लोकांची पसंती, घरच्यांचं प्रेम, स्वतःचं चांगलं वागणं, आणि देवाचं प्रेम. आपल्या दहा वाक्यांसमोर यातलं कोणतं बसतं ते लिहा. ज्याची दहापैकी सात-आठ वाक्यं एकाच ठिकाणी जातात त्याला का एवढा धक्का बसला हे मग वेगळं सांगावं लागत नाही. रिटायर झालेल्या माणसाचं बहुतेक पुढे असण्यावर निघतं, पोरांचं मार्कांवर, आणि आपल्या बायकांचं, मी खात्रीने सांगते, लोकांच्या पसंतीवर आणि कोणाला तरी गरज असण्यावर.

हे मला फार जवळून माहीत आहे. आईच्या आजारपणात मी शाळेतली नोकरी सोडली होती आणि काही वर्षं सगळं तिच्याच भोवती होतं, गोळ्या, डायपर, कूस बदलणं, दवाखाना. आई गेल्यावर मला पहाटे गोळीच्या वेळेला जाग यायची आणि द्यायला कोणी नसायचं. दुःख तर होतंच पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती जी मी कोणाला सांगत नव्हते, की आता मी कोण. वही घेऊन हे पान लिहिलं तेव्हा दिसलं की माझी जवळपास सगळी वाक्यं "जेव्हा कोणाला माझी गरज असते" इथेच येऊन थांबत होती.

आता जे आधी अर्धं सोडलं होतं ते सांगते, उपयोग नसतानाही किंमत असते हे. हे ज्याला पटत नाही त्याने एखाद्या सकाळी दीक्षाभूमीवर जाऊन शांत बसावं. 14 ऑक्टोबर 1956 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे लाखो लोकांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या लोकांकडे सकाळी जेवढी जमीन होती, जेवढा पगार होता, तेवढाच संध्याकाळी होता. कोणी त्यांना मार्क दिले नव्हते, कोणी प्रमोशन दिलं नव्हतं. तरी माणूस म्हणून आपली किंमत दुसऱ्याने ठरवायची नाही हे त्यांनी त्या दिवशी उभं राहून सांगितलं. बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांमधे नववी म्हणते की सर्व माणसं समान आहेत असं मी मानतो, आणि दहावी म्हणते की समता स्थापन करायचा मी प्रयत्न करीन. मला तो क्रम फार महत्त्वाचा वाटतो. आधी किंमत, मग काम. आपण उलटं करतो, आधी काहीतरी करून दाखवीन आणि मग स्वतःला किंमत देईन, आणि ते "मग" कधी येतच नाही.

मारबतीचं पान

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या इथे मारबत निघते. काळी मारबत 1881 पासून, पिवळी 1885 पासून. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, मोठाले पुतळे वाजतगाजत शहरातून नेतात आणि लोक ओरडतात की इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत, आणि मग ते पुतळे जाळतात. वहीचं एक पान तसं करायचं.

त्या पानावर लोकांनी तुम्हाला दिलेली वाक्यं लिहा. "तुझ्यानं काही होणार नाही." "दिसायला बरी असती तर." "तुझ्या भावाकडे बघ." "घरीच तर असते, काय काम असतं तिला." प्रत्येक वाक्यासमोर तीन गोष्टी लिहायच्या: कोण म्हणालं, मी तेव्हा किती वर्षांची होते, आणि म्हणणाऱ्याची तेव्हा काय परिस्थिती होती. तिसऱ्या रकान्यात वेळ घ्या. बाबांनी हे म्हटलं तेव्हा त्यांची मिल बंद पडत होती का. सासूबाई म्हणाल्या तेव्हा त्यांना स्वतःला कोणी काय म्हणून राहिलं होतं. याने त्यांना माफ करायलाच पाहिजे असं नाही, मी ते कोणाला सांगणार नाही, काही गोष्टी माफ होत नाहीत. पण वाक्य कोणाचं आहे ते कळतं. ते तुमचं नव्हतंच, तुम्ही फक्त इतकी वर्षं सांभाळून ठेवलं.

मग ते पान फाडा आणि जाळा, अंगणात, गच्चीवर, कुठेही, आणि मोठ्याने म्हणा घेऊन जा गे मारबत. हसू येईल, येऊ द्या. मनातल्या मनात म्हणू नका, तोंडाने म्हटल्यावर जे होतं ते वेगळं असतं.

लोक तुम्हाला कशासाठी फोन करतात

आता उद्देशाकडे. "माझ्या आयुष्याचा उद्देश काय" असा प्रश्न वहीत लिहू नका, एवढ्या मोठ्या प्रश्नाला रिकाम्या पानावर उत्तर येत नाही. त्याऐवजी मोबाईल उघडा आणि गेल्या वर्षभरात लोकांनी तुम्हाला कशासाठी फोन केले, मेसेज केले ते आठवून लिहा. उधारीचे सोडून. रेसिपी विचारायला, फॉर्म भरायला, भांडण मिटवायला, गाडी घेताना सल्ला घ्यायला, नुसतं रडायला. तुमच्या डिग्रीत हे कुठे लिहिलेलं नसतं पण लोकांना माहीत असतं.

मी लिहिलं तेव्हा दिसलं की मला लोक पेशंटबद्दल विचारायला फोन करून राहिले. मेडिकलला कोणत्या खिडकीवर जायचं, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जखमा होऊ नये म्हणून काय करायचं (दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला सुरकुती ठेवायची नाही, एअर बेड घ्यायचा), रात्री झोप न होणाऱ्या सुनेला काय सांगायचं. ज्या वर्षांना मी वाया गेलेली समजत होते त्याच वर्षांत मी हे सगळं शिकले होते. आता ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांच्याकडे मी ठरलेल्या दिवशी दुपारी जाऊन बसते, म्हणजे घरच्या बाईला तीन तास बाहेर जाता येतं.

याच्या जोडीला तीन माणसांना विचारा, "मी तुझ्यासाठी केलेलं काय तुला आठवतं?" माणसं नीट निवडा, टोमणे मारणारे नको. विचारायला लाज वाटेल, व्हॉइस मेसेज पाठवा, समोरच्याला वेळ मिळतो. उत्तरं जशी आली तशी वहीत उतरवा, "असंच म्हणाली असेल" असं समोर लिहू नका.

आणि मग दहा-दहा वर्षांची पानं करा. वीस ते तीस, तीस ते चाळीस असं. फ्रँकल म्हणायचे की अर्थ तीन वाटांनी सापडतो: जे आपण करतो किंवा देतो त्यातून, जे आपण अनुभवतो आणि ज्यांच्यावर प्रेम करतो त्यातून, आणि जे दुःख टाळता येत नाही ते आपण कसं सोसतो त्यातून. प्रत्येक पानावर या तिन्हींची एकेक गोष्ट. कोणतं काम करताना घड्याळ विसरलो, कोणासाठी केलं, काय सोसलं. लहान गोष्टी लिहा. खाणीत पंपावर काम केलेल्या एका रिटायर काकांनी लिहिलं होतं की मोटरचा आवाज ऐकून बिघाड सांगता यायचा. तीस वर्षांच्या नोकरीतलं त्यांना सगळ्यात आवडलेलं ते निघालं, प्रमोशन नाही. मार्चमधे कॉलनीत सगळ्यांचे कूलर खाली उतरतात, पंप जाम झालेले असतात, गवत बदलायचं असतं. काकांनी दोन पोरं सोबत घेतली, म्हाताऱ्या लोकांचे कूलर फुकट करून द्यायला लागले आणि पोरांना काम शिकवलं. एका पोट्ट्याने पुढे त्याचाच धंदा सुरू केला.

चार आठवडे एकच काम

वही इथपर्यंत आली की लिहिणं अर्धं करा आणि हात चालवा. याच टप्प्यावर बहुतेक लोक थांबतात कारण लिहिण्यातच बरं वाटायला लागलेलं असतं. एक काम निवडा, घराबाहेरच्या माणसासाठी, आठवड्यातून एकदा, वार आणि वेळ ठरलेली, चार आठवडे. वस्तीतल्या पोरांना गणित. अंध विद्यार्थ्यांना पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून देणं किंवा परीक्षेला लेखनिक म्हणून बसणं (लेखनिकाचे शिक्षणाचे नियम परीक्षेप्रमाणे वेगळे असतात, आधी विचारून घ्या). उन्हाळ्यात पाणपोईवर उभं राहणं. मेडिकलला गडचिरोली, चंद्रपूर, बालाघाट, छिंदवाड्याहून आलेले लोक हातात कागद घेऊन गोंधळून उभे असतात, त्यांना बरोबर खिडकीपर्यंत नेणं, एवढ्याशाने त्यांचा अर्धा दिवस वाचतो. भव्य काही निवडू नका. संस्था काढायची नाही, फेसबुकवर टाकायचं नाही, निदान या चार आठवड्यांत तरी नाही, कारण लाइक मोजायला लागलो की आपली किंमत परत लोकांच्या पसंतीवर जाऊन बसते.

ज्यांची नोकरी गेली आहे किंवा लागायची आहे त्यांना एक वेगळं सांगते. उद्देश सापडला म्हणून घरभाडं भरलं जात नाही. नोकरी शोधणं सुरूच ठेवा, त्याची वेळ वेगळी ठेवा, सकाळचे तीन तास त्यालाच द्या. फक्त त्या शोधाचा निकाल म्हणजे तुमचा निकाल असं समजू नका. एमपीएससी सोडलेल्या पोरांनी तर दुसरं कोणतंही काम धरताना मनात ते "पडलो म्हणून" असं लिहू नये. इतिहास, राज्यघटना, भूगोल एवढं डोक्यात असलेली पोरं आहेत ही, दहावीच्या पोरांना समोर बसवून पाहा.

लोक विचारतीलच. लग्नात, तेरवीला, पानठेल्यावर, "मग काय करून राहिले आजकाल?" हा प्रश्न बहुतेक जण सवयीने विचारतात, त्यात दरवेळी टोमणा नसतो, पण आपण दुखावलेले असतो म्हणून लागतो. त्याचं उत्तर आधीच वहीत लिहून पाठ करून ठेवा, दोन वाक्यांचं, खरं. "सध्या नोकरी शोधून राहिलो, आणि शनिवारी वस्तीत पोरांना शिकवतो." खोटं सांगू नका आणि जास्त समजावतही बसू नका. उत्तर तयार असलं की लग्नाला जायची भीती कमी होते, आणि लोकांत जाणं बंद झालं की उदासी वाढते हे लक्षात ठेवा.

कोणाला शांतपणे, खोलात जाऊन स्वतःकडे बघायचं असेल तर नागपूरजवळ माहुरझरीला धम्म नाग हे विपश्यना केंद्र आहे, दहा दिवसांचं शिबिर असतं, पूर्ण मौन, फी नसते, झाल्यावर इच्छेप्रमाणे दान. चांगलं आहे पण ते सुरुवात म्हणून मी सुचवत नाही. मानसिक आजाराची औषधं सुरू असतील तर फॉर्ममधे खरं लिहा आणि आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, दहा दिवस गप्प बसणं प्रत्येकाला त्या वेळी झेपेलच असं नाही.

चार आठवडे झाले की पहिल्या पानापासून वही वाचा, वेगळ्या रंगाचा पेन घेऊन. कुठेही खोडायचं नाही, फक्त बाजूला लिहायचं. मग "मी तेव्हाच कामाचा, जेव्हा..." ची दहा वाक्यं नव्याने लिहा, जुनी न बघता, आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा. वाक्यं दोन-तीन ठिकाणी विखुरली असतील तर बदल व्हायला लागलाय. सगळी अजूनही एकाच जागी असतील तर कोणाशी तरी बसून बोला, समुपदेशक असेल तर उत्तम. आणि निवडलेलं काम चार आठवड्यांत जमलं नाही, माणसं पटली नाहीत, जीव रमला नाही, तर काम बदला पण वार आणि वेळ तीच ठेवा, म्हणजे पुढच्या आठवड्यात त्या वेळेला परत सोफ्यावर बसणं होणार नाही.